ओट्यापुढचा उचलता रॅम्प : दोरावर ताण किती येतो, ते कसं काढायचं

रस्त्याच्या कडेला गटार, त्यापलीकडे दीड फूट उंच ओटा आणि रोज आत घ्यायची स्कूटर. काँक्रीटचा कायमचा उतार टाकला तर गटार साफ करायला जागा उरत नाही, आणि कधी ना कधी तो फोडला जातो. म्हणून बिजागरीवर फिरणारा लोखंडी रॅम्प करतात. हवा तेव्हा खाली सोडायचा, काम झालं की दोरानं ओढून उभा करायचा. सांगाडा कुठलाही बरा वेल्डिंगवाला करून देतो. घोळ होतो तो दोरात. ‘रॅम्प पासष्ट किलोचा, तर शंभर किलोचा दोर पुरे’ एवढ्यावर गणित संपवलं जातं. पण दोरावरचा ताण रॅम्पच्या वजनावर जेवढा, तेवढाच कप्पी कुठे बसवली यावरही ठरतो. तोच रॅम्प एका जागी ५० किलोचा ताण देतो, तर दुसऱ्या जागी ११० किलोचा.

हा ताण काढायला साइन-कोसाइन लागत नाही. वजनकाटा, टेप आणि ओळंबा असला की झालं. फक्त एक अट आहे : कप्पी बिजागरीच्या बरोबर डोक्यावर, ओळंब्यात हवी. त्या अटीचं कारण पुढे येईलच.

उदाहरणाला रॅम्प असा धरू. लांबी १.८ मीटर, रुंदी ०.९ मीटर, ओटा रस्त्यापासून ४५ सेंटीमीटर वर. सांगाडा ४० × ४० × ३ मिमी चौकोनी एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपचा : दोन उभ्या, पाच आडव्या. त्यावर ३ मिमी चेकर प्लेट, म्हणजे पाय न घसरणारा नक्षीदार पत्रा. पाइप साधारण २५ किलो आणि पत्रा ४० किलो, मिळून ६५. हा चढ चारास एक आहे, म्हणजे स्कूटर आणि हातगाडीपुरता. व्हीलचेअरला बारास एक लागतो. तेवढ्याच ओट्याला मग ५.४ मीटर लांब रॅम्प हवा, आणि एवढी लांब वस्तू दोरानं उचलायच्या भानगडीत पडू नये.

आधी काटा

रॅम्पचं पूर्ण वजन आणि त्याचा तोल कुठे आहे, हे वेगवेगळं शोधत बसायची गरज नाही. दोन्ही एकाच मापात मिळतात. बिजागरीच्या पिनेच्या रेषेखाली विटांवर एक सळई ठेवून ते टोक तिच्यावर टेकवा. दुसरीकडे, जिथे दोराचे आय-बोल्ट (डोक्याला गोल कडी असलेले बोल्ट) बसणार आहेत बरोबर त्या रेषेखाली, घरातला वजनकाटा ठेवा. काट्यावर एक लाकडी ठोकळा ठेवून त्यावर रॅम्प टेकवा आणि नळीच्या पाण्यानं किंवा लेव्हलनं रॅम्प सपाट आहे ना ते बघा. ठोकळ्याचं वजन वजा केलं की उरतो तो आपला ‘आकडा’.

आपल्या रॅम्पला आय-बोल्ट पिनेपासून १.७ मीटरवर, म्हणजे टोकापासून १० सेंटीमीटर आत आहेत. तोल मधोमध, ०.९ मीटरवर. काटा ३४.४ किलोच्या आसपास दाखवेल, कारण ६५ × ०.९ ÷ १.७ = ३४.४. उरलेलं वजन बिजागरी उचलते. काट्यावरचा आकडा आणि हे गणित यांत दोन-तीन किलोंचा फरक पडला तर काट्यावर विश्वास ठेवा. वेल्डिंगचा माल, वरून लावलेल्या पट्ट्या आणि रंगाचे हात कुणी हिशेबात धरत नाही. सगळं बसवून, रंगवून झाल्यावरच तोला.

मग टेप

आता बिजागरीची पिन, कप्पी आणि आय-बोल्ट हे तीन बिंदू जोडून त्रिकोण डोळ्यांसमोर आणा. पिनेपासून कप्पीपर्यंतची बाजू उभी आहे, वजनाचा ओढाही उभाच असतो. त्यामुळे या त्रिकोणातली उभी बाजू काट्याच्या आकड्याची मानली, तर दोराची बाजू त्याच प्रमाणात ताण दाखवते. म्हणजे :

ताण = काट्याचा आकडा × दोराची लांबी ÷ कप्पीची उंची

दोराची लांबी म्हणजे आय-बोल्टपासून कप्पीपर्यंतचा मोकळा दोर. कप्पीची उंची पिनेच्या मध्यापासून मोजायची, ओट्याच्या फरशीपासून नाही. रॅम्प कुठल्याही कोनात असो, हे सूत्र तसंच लागू पडतं. रॅम्प वर जातो तसा त्याचा बिजागरीभोवतीचा ओढा कमी होतो, पण दोराची पकडही त्याच प्रमाणात कमी होते. म्हणून कोन गणितातून निघून जातो.

कप्पी पिनेपासून २.१ मीटर वर आहे असं धरू. रॅम्प पूर्ण खाली असताना दोर ३.०१ मीटर भरतो. ३४.४ × ३.०१ ÷ २.१ = ४९.३, म्हणजे ५० किलो धरा. रॅम्प जमिनीला समांतर आला की दोर २.७० मीटर आणि ताण ४४. अर्ध्यावर, ४५ अंशांवर, दोर १.५० मीटर आणि ताण साडेचोवीस. जवळजवळ उभा, ८० अंशांवर, दोर जेमतेम अर्धा मीटर उरतो आणि ताण साडेआठ किलो. सगळ्यात जास्त ताण रॅम्प जमिनीवरून सुटतो त्या क्षणी, आणि पुढे तो उतरतच जातो. म्हणून माप रॅम्प खाली ठेवूनच घ्यायचं. दोर अजून आणला नसेल तर सुतळी ताणून मोजली तरी चालतं.

आता कप्पी खाली आणून बघा. खांब उंच नको, दिसायला वाईट दिसतो, म्हणून ती १ मीटरवर बसवली तर दोर २.१८ मीटर आणि ताण ७५ किलो. ६० सेंटीमीटरवर बसवली तर दोर १.९४ मीटर आणि ताण १११ किलो. दोर आडवा पडत गेला की त्याची बहुतेक ताकद रॅम्प उचलण्याऐवजी बिजागरीत दाबण्यात जाते. आय-बोल्ट टोकाऐवजी मधोमध लावले तरी तेच. कप्पी २.१ मीटरवरच ठेवून आय-बोल्ट ०.९ मीटरवर आणले, तर काट्याचा आकडा पूर्ण ६५ होतो आणि ताण ७७. तेव्हा कप्पी जमेल तेवढी उंच आणि आय-बोल्ट जमेल तेवढा टोकाजवळ.

कप्पी ओळंब्यात नसेल तर

भिंत बिजागरीच्या मागे असते, आणि लोक कप्पी सरळ भिंतीत ठोकतात. मग वरचं सूत्र लागू पडत नाही. अशा वेळी सुतळी आय-बोल्टपासून कप्पीपर्यंत ताणा, गुण्या लावून पिनेपासून सुतळीपर्यंतचं काटकोनातलं, म्हणजे सगळ्यात कमी अंतर मोजा. मग आय-बोल्टमधून ओळंबा सोडा आणि पिनेपासून त्या ओळंब्याच्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर घ्या. काट्याचा आकडा × आडवं अंतर ÷ काटकोनातलं अंतर = ताण. आपल्याच रॅम्पला कप्पी ३० सेंटीमीटर मागे गेली तर आडवं अंतर १.६५ मीटर, काटकोनातलं १.०४ मीटर आणि ताण साडेचोपन्न किलो. ५० च्या जागी ५४, फार बिघडलं नाही. पण मागच्या कप्पीचा त्रास वेगळा आहे : रॅम्प उभा झाल्यावरही दोर त्याला आत ओढत राहतो. विंच (दोर गुंडाळायचं हँडलचं यंत्र) फिरवणाऱ्याचं लक्ष नसेल तर रॅम्प उभ्या रेषेच्या पलीकडे जाऊन अंगावर येतो. मागे कप्पी घ्यायचीच असेल तर रॅम्प अडवणारा पक्का अडसर हवा. कप्पी पुढे, रस्त्याच्या बाजूला मात्र अजिबात नको. मग रॅम्प उभा होतच नाही, तिरका लोंबकळत राहतो.

ओळंबा सोडताना तो कप्पीच्या अक्षातून सोडू नका. दोर जिथून सुटतो त्या पुढच्या कडेवरून सोडा.

५० चे १२० कसे होतात

५० किलो हा शांतपणे लोंबणाऱ्या रॅम्पचा ताण झाला. दोर मात्र शांतपणे काम करत नाही.

पहिली भर कप्पीच्या घर्षणाची. साध्या बुशाच्या, म्हणजे बेअरिंग नसलेल्या कप्पीत प्रत्येक वळणाला सुमारे १० टक्के जातात. दोन कप्प्यांनंतर विंचकडे ५० चे ६० होतात. बेअरिंगच्या कप्पीत हे नुकसान बरंच कमी असतं, पण पावसापाण्यात दोन वर्षं काढल्यावर बेअरिंगही बुशासारखंच वागतं. ६० च धरा.

दुसरी भर झटक्याची. दोर थोडा सैल असताना रॅम्प सुटला आणि एकदम अडकला, की ताण निदान दुप्पट होतो. सैल दोर जास्त असेल तर त्याहूनही वर जातो. म्हणून ६० चे १२०.

या १२० च्या पाचपट तुटण्याची ताकद हवी, म्हणजे ६०० किलो. शिवाय क्लॅम्पनं बांधलेल्या टोकाशी दोराची २० टक्के ताकद जाते, हेही धरा : ६०० ÷ ०.८ = ७५०. चांगला ४ मिमी वायर रोप काठावर पास होतो. ५ मिमी घ्या. तो १२०० किलोंच्या पुढे जातो, भाव थोडाच जास्त पडतो, आणि दोन-चार तारा गंजल्या तरी हातात काही उरतं. दुकानदाराकडून दोराच्या बंडलावरचा आकडा बघूनच घ्या. बारीक तारांचा, ७ × १९ विणीचा (सात लडी, प्रत्येकीत १९ तारा) मागा. तो कप्पीवर नीट वळतो. ७ × ७ ताठ असतो, आणि बांधकामाची जीआय तार हा दोर नव्हेच. नायलॉनचा दोर ताणला जातो, उन्हात कुजतो, आणि रॅम्प रोज वेगळ्या उंचीवर थांबतो.

दोन बाजूंना दोन दोर लावले तर प्रत्येकी २५ किलो येतात, हे कागदावर. प्रत्यक्षात एक दोर बोटभर जरी आखूड असला तरी तोच सगळं ओझं घेतो आणि दुसरा नुसता दिसायला राहतो. म्हणून प्रत्येक दोर एकट्यानं पूर्ण ताण झेलेल एवढा घ्या. एका दोराला टर्नबकल (फिरवून दोर ताणायचा स्क्रू) घालून दोन्ही सारखे ताणा. बोटानं टिचकी मारली की दोन्हींचा आवाज सारखा यायला हवा. रॅम्प वर येताना तिरका दिसला तर दोष बिजागरीत शोधण्याआधी टर्नबकल बघा.

टोक बांधताना

दोराला डोळा करताना आत थिंबल, म्हणजे दोर बसायची खाचेची धातूची कडी, हवंच. नाहीतर शॅकलवर (दोर आय-बोल्टला जोडणाऱ्या यू-आकाराच्या कडीवर) दोर चिमटतो आणि तिथेच तुटतो. ५ मिमी दोराला तीन क्लॅम्प, एकमेकांपासून ३० मिमीवर. क्लॅम्पचा यू-बोल्ट कापलेल्या, आखूड शेपटीवर आणि खाचेची बसकण ताण घेणाऱ्या दोरावर. उलटं लावलं तर यू-बोल्ट कामाच्या दोरालाच चिरडतो. बाजारात तयार बांधून मिळणारे दोरही या बाबतीत चुकलेले असू शकतात, तेव्हा आणल्यावर आधी ते बघा. पहिल्यांदा वजन घेतल्यावर दोर थोडा बारीक होतो आणि क्लॅम्प सैल पडतात. ते पुन्हा आवळायचे. प्लास्टिक चढवलेला दोर घेतलाच तर क्लॅम्पखालचं प्लास्टिक सोलून काढा, नाहीतर दोर सालीतून सुटतो. किनारपट्टीवर तर प्लास्टिकचा दोर नकोच. आत खारी हवा शिरते, बाहेरून सगळं चकचकीत, आणि गंज दिसतो तो दोर तुटल्यावर.

कप्पीचा व्यास दोराच्या वीसपट, म्हणजे १०० मिमी. विहिरीच्या सामानाच्या दुकानातली ५० मिमीची कप्पी स्वस्त असते, पण तिच्यावर रोज मुडपून दोराच्या तारा आतून तुटायला लागतात.

कप्पी कशात ठोकली आहे?

दोर मोजून आणतात आणि कप्पी मात्र विटांच्या भिंतीत प्लास्टिकचा गिट्टा घालून स्क्रूवर टांगतात. दोर कप्पीवरून जाऊन परत खाली वळतो, तेव्हा कप्पीवर दोराच्या एका नव्हे, दोन्ही बाजूंचा ओढा येतो. आपल्या मांडणीत तो ताणाच्या जवळजवळ दुप्पट, १०० किलोंच्या वर, आणि झटका बसला तर २०० च्या वर. काँक्रीटच्या कॉलममध्ये १० मिमीचे अँकर बोल्ट चालतात. विटांच्या भिंतीत आरपार बोल्ट आणि मागच्या बाजूला ६ मिमी प्लेट. प्लास्टरवर भरवसा नको.

स्वतंत्र खांब उभे केले तर त्यांना पुढे ओढणारी ताकदही आहे. रॅम्प खाली असताना ५० पैकी सुमारे २७ किलो आडवे, रस्त्याच्या दिशेनं लागतात, तेही २.१ मीटर उंचीवर. खांबाचे माथे पट्टीनं मागच्या भिंतीला बांधा आणि दोन्ही माथ्यांमध्ये एक आडवी पाइप वेल्ड करा. डावा दोर त्या पाइपच्या बाजूनं उजव्या खांबाकडे न्यायचा, तिथल्या जोड-कप्पीवरून (दोन खाचांच्या कप्पीवरून) दोन्ही दोर खाली विंचवर. ती आडवी पाइप नसेल तर डावा खांब हळूहळू आत झुकतो.

बिजागरीला ताणाचा त्रास फारसा नाही. तिला स्कूटरचं ओझं पेलायचं असतं. २० मिमी ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी सळई) आणि त्यावर पाऊण इंची पाइपचे तुकडे, दीड-दोन मिमी मोकळीक ठेवून. घट्ट बसवलेली बिजागरी पहिल्या पावसात धरते, आणि मग तुमचा हिशेबातला ५० किलोचा ताण कितीही वर जातो.

विंच, आणि वजन टांगायचा मोह

विंचवर ६० किलो येतात, तरी ३०० किलोची घ्या, आणि ब्रेकची घ्या. नुसत्या दातेरी चाकाची, रॅचेटची विंच वर नेताना छान वाटते, पण खाली सोडताना खिटी काढावी लागते. हँडल हातातून निसटलं की ते मनगट मोडतं. ड्रमवर दोराचे तीन फेरे कायम राहिले पाहिजेत, कारण टोकाच्या स्क्रूत ओझं पेलायची ताकद नसते. अडीच मीटर दोर ओढायला, साधारण ५५ मिमी ड्रम आणि चारास एक गिअर असेल तर, हँडलचे साठेक फेरे पडतात. कंटाळवाणं आहे खरं.

म्हणूनच बरेच जण दोराच्या दुसऱ्या टोकाला वाळूची बादली टांगतात. वरचे आकडे पुन्हा बघा. खाली ५० लागतात, वर साडेआठ. ४० किलोची बादली टांगली तर रॅम्प सपाटीच्या जरा वर येताच बादली जड पडते आणि रॅम्प सुसाट येऊन खांबावर आदळतो. २५ किलोची टांगली तरी ४५ अंशांपुढे तेच होतं. मदतीपुरतं वजन टांगायचं तर ८ किलोंपर्यंत, आणि विंच तशीच ठेवून.

गाडीचं ओझं दोरावर नको

हे चुकलं की वरचं सगळं गणित फुकट. रॅम्पचं टोक जमिनीवर टेकलेलं आणि दोर हातभर अंतरावरून सैल दिसेल असा, पाच-सात सेंटीमीटर मोकळा हवा. टोक टेकलं असेल तर गाडीचं ओझं जमीन आणि बिजागरी वाटून घेतात. टोक अधांतरी राहिलं तर दोर घेतो. ११० किलोची स्कूटर आणि ७५ किलोचा माणूस, मागचं चाक टोकाशी आणि पुढचं बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर, असं धरलं तर दोरावर २४० किलोंच्या वर ताण येतो. ब्रेक दाबला की आणखी. रस्ता उखडला, टोकाखालची माती पावसात वाहून गेली, की नेमकं हे होतं. टोकाखाली काँक्रीटचा एक पट्टा टाका, आणि पावसाळ्यानंतर टोक दोन्ही कोपऱ्यांवर टेकतं का ते बघा.

चाचणी

रॅम्प जमिनीपासून फूटभर वर उचला. खाली कुणी नको, पायसुद्धा नको. भंगारवाल्याकडे १०० किलोंचा लटकता काटा असतो. तो आय-बोल्ट आणि शॅकलमध्ये घालून एका दोराचा ताण वाचा. दुसऱ्या दोराचाही वाचा. बेरीज ५० च्या जवळ, पाच किलोंच्या फरकात यायला हवी. ५५ च्या वर गेली तर बिजागरी आवळलेली आहे, किंवा कप्पी ओळंब्यात नाही. एका दोरावर ३५ आणि दुसऱ्यावर १५ आले तर टर्नबकल फिरवा. नंतर काटा काढून आय-बोल्टच्या रेषेवर ३५ किलो वाळूची पोती ठेवा. त्यानं दोराचा ताण बरोबर दुप्पट होतो. दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग क्लॅम्पजवळ दोरावर आधी केलेली पेनाची खूण सरकली का, कप्पीचा बोल्ट हलला का, खांबाच्या पायथ्याशी भेग आली का, ते बघा.

उभा केलेला रॅम्प दोराच्या भरवशावर ठेवू नका. १.६ चौरस मीटरचा पत्रा वाऱ्याला शिडासारखा भेटतो. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर साठ-सत्तर किलोंचा दाब येतो, आणि तो आतूनही येऊ शकतो, बाहेरूनही. दोर एकाच बाजूनं धरतो. दोन्ही खांबांना ६ मिमी साखळी आणि कडी-कोयंडा, आणि खालच्या बाजूला एक आडवा खिळा. साखळी लागल्यावर विंच अर्धा फेरा सैल करा, म्हणजे दोर रात्रभर ताणलेला राहत नाही.

दर तीन महिन्यांनी फडकं हातात घेऊन दोरावरून फिरवा, उघड्या हातानं नको. फडकं कुठे अडकलं तर तिथे तार तुटली आहे. एका ठिकाणी तीन-चार तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा कप्पीवरून जाणारा भाग चपटा झाला, तर दोर बदला. मधोमध क्लॅम्प लावून तो जोडू नका, कारण तो जोड कप्पीतून जाणार नाही आणि जिथे अडकेल तिथे विंच त्याला ओढतच राहील.